‘आम्ही’ की ‘आपण’? मोगादिशूच्या एका कादंबरीतलं सर्वनाम

नुरुद्दीन फराह यांच्या ‘लिंक्स’ (२००४) या कादंबरीतलं एक प्रकरण काही वर्षांपूर्वी मी मराठीत आणलं. ते एका संकलनात छापून आलं, दोन-चार जणांनी आवडल्याचं कळवलंही. त्या भाषांतरात एक चूक आहे. चूक मुद्रिताची नाही आणि संपादकाचीही नाही, ती माझी आहे. मूळ इंग्रजीतल्या ‘वुई’साठी मी सहा ठिकाणी ‘आम्ही’ लिहिलं. तिथे ‘आपण’ हवं होतं. शब्दकोशाच्या दृष्टीने दोन्ही बरोबरच आहेत. पण त्या सहा जागांमुळे प्रकरणाचा अर्थ उलटा झाला, आणि हे कळायला मला ती कादंबरी पुन्हा वाचावी लागली. हा लेख त्या दुसऱ्या वाचनाविषयी आहे.

आधी शहराविषयी थोडं. सोमालियात १९६९च्या ऑक्टोबरमध्ये लष्करी उठाव करून मोहम्मद सियाद बर्रे सत्तेवर आला. त्याने वैज्ञानिक समाजवादाची घोषणा केली, १९७२मध्ये सोमाली भाषेला रोमन लिपी दिली, आणि कुळाचं नाव काढायलाही बंदी घातली. एकमेकांना चुलतभाऊ म्हणण्याऐवजी ‘जाल्ले’, म्हणजे कॉम्रेड, म्हणायचं असा दंडक आला. लोकांनी त्यातून वाट काढली. कूळ विचारता येत नाही, तर ‘तुमचं माजी काय?’ असं विचारायचं. शब्द गेला, प्रश्न राहिला. शिवाय राज्यकर्ता स्वतः आपल्या, आईच्या आणि जावयाच्या अशा तीन कुळांच्या जोरावर राज्य करतो, हे उघड गुपित होतं. डिसेंबर १९९०च्या अखेरीस राजधानीत लढाई सुरू झाली आणि जानेवारी १९९१च्या शेवटच्या आठवड्यात बर्रे पळाला.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. राजधानीतून बर्रेला हुसकावणारी संघटना एकच होती, युनायटेड सोमाली काँग्रेस. तिच्यातल्या अली महदी मोहम्मद यांनी स्वतःला हंगामी अध्यक्ष जाहीर केलं, तर सेनानी मोहम्मद फराह ऐदीद यांनी ते मानलं नाही. (कादंबरीकार फराह यांचा या ऐदीदशी संबंध नाही, नावात साम्य आहे एवढंच.) दोघेही हाविये या एकाच मोठ्या कुळाचे, फक्त पोटकुळं वेगळी. नोव्हेंबर १९९१ ते मार्च १९९२ या चार महिन्यांत या दोघांच्या तोफांनी मोगादिशूची दोन शकलं केली. सुमारे १४,००० माणसं मारली गेली, असा मानवाधिकार संघटनांचा तेव्हाचा अंदाज होता. शहराच्या मधोमध ‘हरित रेषा’ आली. उत्तर एकाची, दक्षिण दुसऱ्याची. काल एका मोर्च्यात असलेले लोक आज एकमेकांच्या घरांवर तोफा डागत होते. ‘आपण’चे दोन ‘आम्ही’ व्हायला वर्षसुद्धा लागलं नाही.

फराह हे या शहराचे कादंबरीकार आहेत, आणि त्यांचा आपल्या देशाशी असलेला धागा पुष्कळांना ठाऊक नसतो. १९४५ साली बैदोआ इथे जन्मलेला हा लेखक १९६६ ते १९७० या काळात चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात शिकत होता. त्यांची पहिली इंग्रजी कादंबरी ‘फ्रॉम अ क्रुकेड रिब’ त्याच विद्यार्थिदशेत लिहिली गेली आणि १९७०मध्ये प्रसिद्ध झाली. सोमालीला लिपी मिळताच त्यांनी मातृभाषेत लिहायला घेतलं. १९७३मध्ये त्यांची सोमाली कादंबरी वर्तमानपत्रात क्रमशः येऊ लागली, पण सरकारने ती मध्येच बंद पाडली. पुढे बावीस वर्षांचा वनवास झाला आणि लेखन इंग्रजीतच राहिलं. म्हणजे ज्या कादंबरीतली जवळजवळ सगळी माणसं एकमेकांशी सोमाली बोलतात, ती कादंबरी आपल्या हाती येते ती इंग्रजीत. ‘लिंक्स’ वाचताना आपण मूळ वाचत असतो आणि भाषांतरही. माझी चूक या फटीत झाली.

कादंबरी घडते ती संयुक्त राष्ट्रांच्या फौजा निघून गेल्यानंतरच्या मोगादिशूत. नायक जीब्ले न्यू यॉर्कला राहणारा प्राध्यापक. आई वारली आहे, तिची कबर शोधायची आहे. जुना मित्र बिले हा डॉक्टर, तो शहराच्या दक्षिण भागात ‘रेफ्यूज’ नावाचं आश्रयस्थान चालवतो. बिलेची लहानगी भाची रास्ता आणि तिची सोबतीण मक्का या दोन मुली पळवल्या गेल्या आहेत, आणि त्यामागे बिलेचाच सावत्रभाऊ आलूशा असल्याचा संशय आहे. (इंग्रजीत वाचणारे ‘कॅलूशा’ म्हणतात. सोमालीतला रोमन ‘सी’ म्हणजे अरबीतला ‘ऐन’. आमच्यासारख्या भाषांतरकारांना हेही वाचकाला सांगावं लागतं.) जीब्लेने दान्तेचा अभ्यास केलेला आहे, आणि कादंबरीच्या भागांच्या आरंभी ‘इन्फर्नो’तली अवतरणं येतात. समीक्षकांनी या दान्तेवर भरपूर लिहिलं आहे, त्यात मी भर घालत नाही. मला वाटतं, या कादंबरीचा नरक कवितेत कमी आहे आणि व्याकरणात जास्त. जीब्ले वारंवार सर्वनामांपाशी अडखळतो. समोरचा ‘वुई’ म्हणाला की त्यात कोण कोण आलं, मी आलो का, हा प्रश्न त्याला सोडत नाही.

इंग्रजी ‘वुई’ या बाबतीत मुकं आहे. आपल्या देशातल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या भाषेत हा भेद रोजचा आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’, गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’, मारवाडीत ‘म्हे’ आणि ‘आपां’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनम्’, तमिळमध्ये ‘नांगळ’ आणि ‘नाम’. हिंदीत ‘हम’ एकटाच (भोपाळ-इंदूरकडचा ‘अपन’ सोडून), बंगालीत ‘आमरा’ एकटाच, कन्नडमध्ये ‘नावु’ एकटाच. ऐकणाऱ्याला सोबत घेणारं एक सर्वनाम आणि त्याला बाहेर ठेवणारं दुसरं. आणि सोमालीत? सोमालीतही हा भेद आहे. ‘इन्नगा’ म्हणजे आपण, ‘अन्नगा’ म्हणजे आम्ही. म्हणजे जीब्लेशी बोलणाऱ्या प्रत्येक पात्राच्या तोंडी मुळात या दोहोंपैकी एक शब्द असणार. इंग्रजीत उतरताना तो पुसला गेला. मराठीत आणताना तो मला पुन्हा शोधायला हवा होता.

मी निवडलेलं प्रकरण कुळातल्या वडीलधाऱ्यांचं होतं. जीब्ले हॉटेलात उतरला आहे. त्याच्या कुळातले काही म्हातारे त्याला भेटायला येतात. अमेरिकेहून माणूस आलाय, म्हणजे पैसे असणार. कुळाची तोफगाडी नादुरुस्त आहे, दुरुस्तीला पैसे हवेत. जीब्ले संतापतो आणि त्यांना हाकलून देतो. वाचताना मला त्या म्हाताऱ्यांमध्ये खंडणी मागणारी टोळी दिसली. म्हणून मी त्यांच्या तोंडी ‘आम्ही’ घातला, आमची गाडी, आमची गरज, आमची माणसं. वाक्यं खणखणीत झाली. धमकी चांगली ऐकू येऊ लागली. मला तेव्हा समाधान वाटलं होतं.

मी हैदराबादला राहते. इथे टोळीचौकीच्या बाजूला कितीतरी सोमाली विद्यार्थी राहतात. वर्षानुवर्षं इथल्या महाविद्यालयांत ते शिकायला येतात. त्यांच्यापैकी एकाशी ओळख झाली. मोगादिशूचा, पण बर्रे पळाल्यानंतर जन्मलेला. मला काही नावांचे उच्चार हवे होते, म्हणून पुस्तक घेऊन गेले होते. बोलता बोलता मी त्याला तो प्रसंग इंग्रजीत वाचून दाखवला आणि सहज विचारलं, हे म्हातारे काय म्हणतील, अन्नगा की इन्नगा? त्याने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाला, “इन्नगा. अन्नगा कसं म्हणतील, दीदी? ते त्याच्याकडे मागायला नाही आलेत. तो त्यांचाच आहे, हे सांगायला आलेत.”

मी घरी येऊन प्रकरण उघडलं आणि सहाही ‘आम्ही’ खोडून ‘आपण’ लिहून पाहिलं. ‘आपली गाडी बिघडली आहे’ असं म्हणणारा म्हातारा (हे कादंबरीतलं वाक्य नाही, नमुना म्हणून मी केलेलं आहे) ‘आमची गाडी बिघडली आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी भयंकर आहे. ‘आम्ही’ला नकार देता येतो. तुम्ही तिकडे, मी इकडे, विषय संपला. ‘आपण’ला नकार द्यायचा तर आधी त्या शब्दातून स्वतःला बाहेर काढावं लागतं. त्या तोफगाडीने उद्या जी घरं पडतील ती ‘आपण’ पाडलेली असतील, आणि जीब्ले न्यू यॉर्कला वर्गात शिकवत असला तरी त्यात असेल. तो इतका का संतापतो, हे मला पहिल्या वाचनात कळलंच नव्हतं. पाहुण्यांवर ओरडणारा उर्मट परदेशस्थ, एवढंच चित्र मी उभं केलं होतं. तो पैशांसाठी संतापत नाही. न विचारता त्याला एका सर्वनामात ओढलं गेलं, म्हणून संतापतो.

इथे मला माझं एक गृहीतक सोडावं लागलं. ‘आपण’ हा मायेचा शब्द आणि ‘आम्ही’ हा परकेपणाचा, असं मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही वाटतं. यादवीची गोष्ट सांगताना ‘आपण’ फुटून ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ झाले असं आपण म्हणतो, मीही या लेखाच्या सुरुवातीला तसंच म्हटलं. ते अपुरं आहे. ‘आम्ही’ हा यादवीचा परिणाम आहे, भरती होते ती ‘आपण’ने. बंदूक धरणाऱ्या प्रत्येक पोराला आधी कुणीतरी प्रेमाने ‘आपण’ म्हटलेलं असतं. सोमाली मूल लहानपणीच बापाकडची वंशावळ तोंडपाठ म्हणायला शिकतं, एकामागून एक पूर्वजांची नावं. दोन अनोळखी माणसं नावं मागे मागे नेत कुठे मिळतात ते पाहतात. जिथे मिळतात तिथे ‘इन्नगा’ सुरू होतं. शांततेत ही विद्या वाटसरूला पाणी आणि निवारा मिळवून देते. १९९१नंतर नाक्यानाक्यावर तीच विद्या जीव वाचवू लागली आणि घेऊही लागली.

आणि हे सगळं सोमाली लोकांचं काहीतरी विचित्र आहे, असं मराठी वाचकाने समजू नये. ‘आपल्यातले’ हा शब्द आपल्याकडे काय काम करतो, ते आठवून पाहावं. मी हैदराबादला नवी होते तेव्हा भाड्याने घर पाहायला गेले. घरमालकीण बाई मराठी निघाल्या. परमुलखात मराठी ऐकून आम्ही दोघी खूश. “म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच की,” त्या म्हणाल्या. चहा आला. चहाबरोबर आडनाव विचारलं गेलं, मग गाव, मग आईचं माहेर. चहा संपेपर्यंत ‘आपल्यातल्या’चा अर्थ बदलला होता, आणि आठवड्याने घर दुसऱ्या कुणाला दिल्याचं कळलं. कुणी अपशब्द वापरला नाही, कुणी मला ‘तुम्ही लोक’ म्हटलं नाही. मला बाहेर ठेवलं ते ‘आपण’नेच. मोगादिशूच्या नाक्यावरच्या प्रश्नाशी या चहाची तुलना करणं हास्यास्पद ठरेल, तिथे उत्तर चुकलं की मरण होतं. पण व्याकरण तेच आहे, आणि भाषांतरकाराला वाचकासाठी तेवढा पूल पुरतो.

आता कादंबरीकडे परत. सर्वनामांच्या या दिव्याने पाहिलं की फराह यांचं मोठेपण दिसतं, तशी त्यांची मर्यादाही. मोठेपण असं, की त्यांनी ‘आपण’चा पर्याय ‘मी’ असा सोपा ठेवला नाही. जीब्ले कुळ नाकारतो, पण एकटा उभा राहू शकत नाही. त्याला मित्र लागतात. जीब्ले, बिले आणि आयरिश शेमस हे तिघे तरुणपणी इटलीत पादुआला एकत्र राहिलेले. कुळाने दिलेल्या नात्याऐवजी निवडलेलं नातं, असं हे दुसरं ‘आपण’ आहे. ‘रेफ्यूज’ ही त्याची वास्तू. फराह यांना हे ‘आपण’ आधीपासून खुणावत आलं आहे. १९८६च्या ‘मॅप्स’मध्ये तर त्यांनी एकाच मुलाची गोष्ट ‘मी’, ‘तू’ आणि ‘तो’ अशी आळीपाळीने सांगितली होती. त्या प्रयोगात भाषेचा खेळ होता. ‘लिंक्स’मध्ये तो खेळ उरलेला नाही. इथे सर्वनाम चुकलं तर माणूस मरतो.

मर्यादाही त्याच ठिकाणी आहे. पादुआत शिकलेल्या, चार भाषा जाणणाऱ्या, दान्ते वाचलेल्या माणसांचं हे ‘आपण’ बंदूकवाल्या पोरांच्या कानाने ऐकलं तर काय ऐकू येईल? ‘आम्ही’. कादंबरीच्या सुरुवातीलाच विमानतळावर काही पोरं पैज लावून नेम धरतात आणि विमानात चढणारा दहा वर्षांचा मुलगा मारला जातो. हा प्रसंग वाचून विसरता येत नाही. पण ही पोरं कोण, कुठून आली, त्यांची आई कुठल्या भागातून हाकलली गेली, यात कादंबरीला फारसा रस नाही. एखाददुसरा अपवाद वगळता ती खाटेच्या नशेतली (हे चघळायचं पान, ‘कात’ नव्हे), कुळाच्या नावाने चेकाळलेली गर्दी म्हणूनच राहतात. फराह ज्या शहराचा शोक करतात ते जुनं, बंदराचं, अनेक वंशांच्या व्यापाऱ्यांचं मोगादिशू. चिंचेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या बाजाराविषयी त्यांनी एका निबंधात फार जिव्हाळ्याने लिहिलं आहे. बाहेरून, माळरानातून आलेल्या टोळ्यांनी नागर संस्कृती बुडवली, हा त्यांचा सूर आहे. त्यात तथ्य आहे, पण हा सूर स्वतःही एक हरित रेषा आखतो. शहरातले आम्ही, माळावरचे ते. कुळावर इतकं कठोर लिहिणारा लेखक वर्गापाशी मवाळ होतो.

ही कोंडी फराह यांनाही जाणवली असावी, असं मला पुढच्या कादंबरीवरून वाटतं. ‘नॉट्स’ची (२००७) नायिका अंबारा टोरांटोहून येते आणि एका छोट्या युद्धसरदाराने बळकावलेलं आपल्या कुटुंबाचं घर सोडवते. हे काम ती मित्रांच्या नव्हे, बायकांच्या जाळ्यातून करते. कारागिरीत ही कादंबरी ‘लिंक्स’इतकी घट्ट नाही, पण विचारात ती एक पाऊल पुढे आहे. कारण सोमाली स्त्रीचं सर्वनाम मुळातच सरळ नसतं. ती बापाच्या कुळाची, मुलं नवऱ्याच्या कुळाची. दोन कुळं लढली की तिचा भाऊ एकीकडे आणि मुलगा दुसरीकडे. तिच्या ‘आपण’ला एक बाजू कधीच नसते, म्हणूनच ती हरित रेषा ओलांडू शकते. हे केवळ कादंबरीत नाही. २००० साली जिबूतीत आर्ता इथे शांतता परिषद भरली. जागावाटप कुळवार होतं. चार मोठी कुळं, आणि उरलेल्या लहान गटांचं मिळून पाचवं. बायकांना कुठेच जागा नव्हती. तेव्हा आशा हाजी एल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांचं ‘सहावं कूळ’ असल्याचं जाहीर केलं आणि त्या नावाने परिषदेत जागा घेतली. कुळांच्याच व्याकरणात एक नवं सर्वनाम बसवण्याचं हे काम आहे. कुठल्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असं.

बाहेरच्यांनी या शहरावर जे लिहिलं, दाखवलं, ते बहुतेक एकाच सर्वनामात आहे. ३ आणि ४ ऑक्टोबर १९९३च्या चकमकीत १८ अमेरिकन सैनिक मेले. त्यावर पुस्तक निघालं, २००१मध्ये ‘ब्लॅक हॉक डाउन’ हा चित्रपट आला. त्यात त्या दिवशी मेलेल्या शेकडो सोमाली माणसांना जवळजवळ नावं नाहीत. ‘लिंक्स’मध्ये त्याच हेलिकॉप्टरांच्या पंख्यांच्या वाऱ्याने एक तान्ही मुलगी कायमची दुखावली जाते. चित्रपटाला दिलेलं यापेक्षा चोख उत्तर मला माहीत नाही. आपणही तिथे ‘बाहेरचे’ होतोच. १९९३-९४मध्ये भारतीय लष्कराची एक ब्रिगेड संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत बैदोआ भागात होती, फराह यांच्या जन्मगावी. तिथे आपले जवान आणि डॉक्टर मारले गेले. त्यांच्याविषयी आपल्या भाषांत मी तरी काही वाचलेलं नाही, आणि त्या मुलखातून आलेल्या कादंबऱ्या आपण वाचत नाही. चंदीगडला शिकलेल्या लेखकाच्या बाबतीत तरी हे बरं दिसत नाही.

आता दुरुस्ती. ते संकलन ज्यांच्याकडे असेल त्यांनी कुळातल्या म्हाताऱ्यांच्या प्रसंगातले सहा ‘आम्ही’ खोडून ‘आपण’ करावेत आणि ‘आमचा’चं ‘आपला’ करावं. संपादकांना मी कळवलं आहे. उरलेल्या कादंबरीचं काम चालू आहे आणि प्रत्येक ‘वुई’पाशी आता मी थांबते. बिले आणि जीब्ले एकमेकांशी बोलतात तिथे ‘आपण’ सहज येतं. अडते ती विमानतळावरच्या पोरांपाशी. त्या विद्यार्थ्याला मी याविषयीही विचारलं. या वेळी त्याने बराच वेळ घेतला. मग म्हणाला, आपसात बोलताना ‘इन्नगा’ म्हणतील, त्यांनाही कुणी मित्र असतीलच ना. लेखकाने मला त्यांचं आपसातलं बोलणं फारसं ऐकवलेलं नाही. जे ऐकवलं आहे, ते दुसऱ्यांवर बंदूक रोखून केलेलं. तिथे ‘आम्ही’च राहील.